विहीर, सायकल आणि पाणंद

आम्ही दोघी सख्ख्या जावा. उंब्रजला एकाच घरात राहतो. थोरली बेचाळीस वर्षांची, धाकटी छत्तीसची. हा लेख दोघींचा आहे. धाकटी वही घेऊन बसली आणि थोरली शिवणयंत्रावरून सांगत राहिली. जिथे दोघींचे जमले नाही तिथे अम्मींना विचारले.

मे २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत थोरलीचे पती अल्लाहला प्यारे झाले. इद्दतचे चार महिने दहा दिवस संपले तरी थोरली उंबऱ्याबाहेर पडेना. बाजार धाकटी करायची, मुलीच्या कॉलेजचे दीर बघायचे. वारसनोंदीचे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटावर ठेवले होते. त्यावर तिच्या सह्या हव्या होत्या आणि तिने स्वतः कार्यालयात यायला हवे होते. “पुढच्या आठवड्यात जाऊ” असे म्हणता म्हणता वर्ष गेले. अंगावर वजन चढले, जिना चढताना धाप लागू लागली. ऑक्टोबर २०२२ मध्ये रक्त तपासले तर साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितले, रोज चाला.

एकटी चालणार नाही म्हणाली, म्हणून धाकटी बरोबर निघाली. धाकटीला साखर नव्हती, पण भीती मात्र सगळ्याची होती. रस्ता ओलांडण्याची, कुत्र्याची, लोक काय म्हणतील याची.

फजरची नमाज झाली की आम्ही मागच्या दाराने निघायचो आणि गावाबाहेरच्या पाणंदीला लागायचो. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये बैलगाडीच्या चाकोऱ्या. पहिल्या दिवशी एक किलोमीटरसुद्धा झाले नाही. थोरली बांधावर बसली आणि रडली. दम लागला म्हणून रडली की कशासाठी, हे आम्ही विचारले नाही आणि तिने सांगितले नाही.

दोन महिन्यांत चार किलोमीटर चालू लागलो. मग विजेच्या खांबांचा खेळ सुरू केला. एक खांब पळायचे, दोन खांब चालायचे. पंधरवड्याने दोन खांब पळायचे, दोन चालायचे. पळताना एकमेकींशी बोलता आले पाहिजे, बोलणे तुटले की वेग जास्त झाला, ही खूण पुढे फार उपयोगी पडली. घड्याळ नसले तरी चालते. दर आठवड्याला अंतर थोडेसेच, फार तर दहावा हिस्सा वाढवायचे. एकदा उत्साहात दुप्पट पळालो आणि धाकटीच्या नडगीने तीन आठवडे घरी बसवले.

‘ट्रायथलॉन’ हा शब्द थोरलीच्या मुलीने घरात आणला. गोव्याला २०१९ साली आयर्नमनची अर्ध्या अंतराची स्पर्धा पहिल्यांदा झाली, तिची चित्रफीत तिने मोबाइलवर दाखवली. आधी समुद्रात पोहायचे, ओल्या अंगाने सायकलवर बसायचे, सायकल टाकून पळायचे. मध्ये घड्याळ थांबत नाही. कपडे बदलायला लागलेला वेळसुद्धा धरतात. पूर्ण आयर्नमन म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर पळणे, तेही साधारण सतरा तासांच्या आत. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये झुरिकला पन्नासाव्या वर्षी हे केले, एवढे आम्ही तेव्हा टीव्हीवर ऐकले होते. श्रीमंतांचे आणि सिनेमावाल्यांचे काम, असे म्हणून सोडून दिले होते.

मुलीने मग त्याचा इतिहास काढून वाचून दाखवला. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाई बेटांपैकी ओआहू बेटावर पहिली आयर्नमन झाली. अमेरिकी नौदलातले जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांनी ती भरवली. पंधरा जण निघाले, बारा पोहोचले. एकही बाई नव्हती. दुसऱ्या वर्षी लिन लेमेर नावाची एकटी बाई उतरली आणि सगळ्या पुरुषांत मिळून पाचवी आली. १९८२ साली ज्युली मॉस ही तरुणी बायकांत सर्वांत पुढे असताना शेवटच्या काही मीटरवर कोसळली. दुसरी तिला मागे टाकून गेली, तरी ही रांगत रांगत रेघेपर्यंत गेली. २००० साली सिडनीला हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला.

अम्मींना यातले काही विशेष वाटले नाही. त्यांना आवडली ती मॅडोना ब्युडर. ही एक ख्रिस्ती जोगीण. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिने पळायला सुरुवात केली आणि २०१२ साली ब्याऐंशीव्या वर्षी पूर्ण आयर्नमन संपवली. “इबादत करके भी करती?” अम्मींनी दोनदा विचारले. त्यानंतर आमचे चालणे-पळणे त्यांनी मनातून कबूल केले असावे. पाण्याचा विषय निघाला तेव्हा मात्र भडकल्या. “कायको जान जोखम में डालती गे?” त्यांचाही दोष नाही. कृष्णा आणि तारळी या दोन नद्यांच्या काठचे आमचे गाव. पाणी काय करते ते त्यांनी आयुष्यभर पाहिले आहे.

नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी निरोप पाठवला की घरातल्या बायका पळतात, सायकल चालवायचे मनात आहे म्हणे, आणि त्यातली एक तर विधवा. आम्ही उलट बोललो नाही. थोरलीने फक्त हजरत आयेशा (रजि.) यांची शर्यत आठवून दिली. अबू दाऊदच्या हदीससंग्रहात ती आहे. प्रवासात पैगंबर (स.) आणि हजरत आयेशा धावले आणि त्या पुढे गेल्या. पुढे काही काळाने, त्यांचे अंग भरल्यावर पुन्हा धावले तेव्हा पैगंबर पुढे गेले आणि ही त्या वेळची परतफेड, असे म्हणाले. दुसऱ्या एका संग्रहात असेही येते की शर्यतीआधी त्यांनी सोबतच्या लोकांना पुढे जायला सांगितले होते. म्हणजे आडोसाही राखला आणि धावणेही झाले. आमची पहाटेची वेळ आणि पाणंद आम्ही याच हिशोबाने धरली होती. निरोपाला परत निरोप आला नाही.

आम्ही ठरवले ते लहान अंतर. त्याला स्प्रिंट म्हणतात. ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणे. पळणे जवळ आले होते, सायकल लहानपणी येत होती. पोहणे दोघींनाही शून्य.

जवळच्या शहरातल्या एका तरणतलावात बायकांसाठी दुपारचा एक तास होता. पैसे भरले. चौथ्या दिवशी सांगितले, सुती सलवार-कुर्त्यात पाण्यात उतरता येणार नाही. हे त्यांचे म्हणणे बरोबरच होते. सुती कापड पाणी पिते, पायांना गुंडाळते आणि माणसाला खाली ओढते. मग थोरलीने पोहण्याचा पोशाख स्वतः शिवायला घेतला. ऑस्ट्रेलियात अहेदा झानेट्टी या लेबनॉनी वंशाच्या बाईने २००४ च्या सुमारास बुर्किनी तयार केली. तिचे चित्र समोर ठेवले आणि कराडहून काळे लायक्रा आणले. भगिनींनो, कुणाला शिवायचे असेल तर ऐका. साध्या शिलाईने हे कापड शिवले की अंग ताणताच दोरा तटतटा तुटतो. पहिला पोशाख टबात बुडवून पाय झाडताच मांडीवर उसवला. लवचिक कापडाची बोथट टोकाची सुई घ्या, टाका नागमोडी ठेवा, नसेल तर कापड हलके ताणून धरत शिवा आणि आतून इंटरलॉक करा. झगा गुडघ्यापर्यंतच ठेवा आणि आतून पँटला दोन ठिकाणी टाका, नाहीतर तो पाण्यात वर तरंगतो. डोक्याची टोपी गळ्याला अंगासरशी जोडा. हे सगळे तिसऱ्या पोशाखात जमले. तो घेऊन गेलो तर बायकांची वेळच बंद झालेली. बायका येत नाहीत म्हणाले.

तेव्हा मळ्यातल्या आक्का धावून आल्या. त्यांच्याकडे थोरली बरीच वर्षे ब्लाउज शिवते. त्यांच्या मळ्यात चाळीस फूट रुंद, दगडी बांधणीची, पायऱ्यांची विहीर आहे. आक्का त्याच विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेल्या. “पाण्याला भ्याचं न्हाई भाभी. पाणी धरतंय आपल्याला. आपणच धडपडतो आन् बुडतो.” सकाळी बायकांच्या वेळेत मळ्यातले पुरुष विहिरीकडे फिरकायचे नाहीत, असे त्यांनी घरात सांगून टाकले. आणि एक नियम केला, जो प्रत्येक विहिरीवर असावा. आधी मोटरचा फ्यूज काढून आक्कांच्या कमरेला, मग आम्ही पाण्यात. विहिरीत करंट उतरून माणसे गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

पाण्याची भीती म्हणजे काय, ते तिथे कळले. तोंड पाण्यात गेले की आम्ही श्वास कोंडून धरायचो. दहा आकडे मोजेपर्यंत छाती फुटायला यायची आणि हात वेडेवाकडे चालायचे. कोंडलेल्या श्वासाने आत दूषित हवा साठते, जीव घाबरतो तो तिच्यामुळे. उपाय सोपा आहे, पण मनाला पटायला दोन महिने लागले. पाण्यात तोंड असताना नाकातोंडाने हवा सोडत राहायची, बाहेर काढले की फक्त आत घ्यायची. घरी धुण्याच्या टबात पाणी भरून रोज शंभर वेळा बुडबुडे काढायचे. पोरे हसायची. धाकटीला हे लवकर जमले. थोरली कठड्याचा दगड सोडेना. आक्कांनी तिला उताणे झोपवले, मानेखाली दोन बोटे ठेवली आणि छाती भरून घ्यायला सांगितले. ती तरंगली. बोटे कधी काढली ते तिला कळले नाही. बाहेर आल्यावर ती म्हणाली, दोन वर्षांत पहिल्यांदा पाठ मोकळी झाली.

सायकलबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. एक मुलीची होती, एक जुनी गिअरची घेतली. मसूरच्या रस्त्याने एकदाच गेलो. ऊसतोडीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर अंगावरून गेल्यासारखे जातात, परत तिकडे गेलो नाही. महामार्गाच्या भराव पुलाखालून पश्चिमेला निघून चरेगाव, तिथून चाफळ आणि परत, हा आमचा रस्ता ठरला. साधारण बावीस किलोमीटर. दुकानदाराकडे बसून दोघींनी ट्यूब बदलायला शिकून घेतले, कारण चाफळच्या वाटेवर पहाटे पंक्चरवाला कुठून आणणार? सायकलवरून उतरून लगेच पळायचा सराव मात्र वेगळा करावा लागतो. पाय लाकडाचे होतात, आपले नसल्यासारखे वाटतात. दहा मिनिटांनी सुटतात. हे माहीत असले की घाबरायला होत नाही.

२०२३ चा रमजान मार्चअखेर आला. डॉक्टरांना विचारून गोळ्यांच्या वेळा बदलून थोरलीने रोजे धरले. पहिल्या आठवड्यात आम्ही एक मूर्खपणा केला. इफ्तारच्या आधी पळायला गेलो. तिला घाम फुटला, हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी. रोजा तिथेच सोडला. खिशात खजूर होते म्हणून निभावले. अम्मी त्या दिवशी बोलल्या नाहीत, नुसते पाणी दिले. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलायची मुभा अल्लाहने दिलेली असताना आपण अंगावर शौर्य ओढून घ्यावे, हे चुकीचे होते. उरलेला महिना तरावीहनंतर अंगणात वीस मिनिटे चालणे, एवढेच ठेवले. त्या रोज्याची कजा तिने हिवाळ्यात भरली. साखर असलेल्या भगिनींनी हा भाग दोनदा वाचावा.

एखाद्या शहरातल्या स्पर्धेत नाव द्यावे असे मुलीचे म्हणणे होते. आम्हाला आमच्याच विहिरीत हवे होते. आमच्या जिल्ह्यात खेळाडूंची काही कमी नाही. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीचे पदक आणले. माणच्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. आम्ही त्या रांगेतल्या नव्हे. आम्हाला एकदा तिन्ही गोष्टी सलग संपवायच्या होत्या, इतकेच.

रविवार, ११ फेब्रुवारी २०२४. थंडी होती, पण विहिरीचे पाणी कोमट, वर वाफ. ७५० मीटर म्हणजे आमच्या विहिरीच्या बासष्ट फेऱ्या, एक कड ते दुसरी कड. पोहताना मोजणी चुकते, म्हणून मोजायला अम्मी बसल्या. मुलीने गमतीने तसबीह घ्या म्हटले तर डोळे वटारले. ती त्यासाठी नाही. त्यांनी घरून चिंचोके आणले होते, दोन वाट्या, प्रत्येकीचे बासष्ट. एक फेरी झाली की एक चिंचोका पदरात. जान जोखमीत घालू नका म्हणणाऱ्या अम्मी पहिल्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या.

चौतीस मिनिटे लागली. मळ्यातल्या खोलीत पोशाखावरच कुर्ता-पायजमा चढवला, हेल्मेट घातले आणि निघालो. चाफळपर्यंत दोघी पुढे-मागे. परतताना थोरलीचे मागचे चाक बसले.

ठरले होते ते असे की काही झाले तरी एकमेकींना सोडायचे नाही. धाकटी थांबली, सायकल आडवी टाकून पाना काढायला लागली. थोरलीने तो हातातून घेतला. “तू जा.” धाकटी नाही म्हणाली. “जा म्हणते ना. सगळ्या गोष्टीला कोणीतरी बरोबर असतंच माझ्या. हे मला एकटीला करू दे.” वाद झाला, मोठ्याने झाला, चरेगावकडून दूध घेऊन येणारा एक जण वळून बघत गेला. शेवटी धाकटी गेली. अर्धा किलोमीटर जाऊन परत वळली, मग पुन्हा सरळ निघाली. ती पाणंदीत पळाली तेव्हा ऊस तुटून गेला होता, सगळे रान उघडे होते आणि दर खांबापाशी ती मागे बघत होती.

पुढचे थोरलीने सांगितले तसे. मागचे चाक म्हणजे चेन आणि गिअरची भानगड. पंधरा नंबरच्या पान्याने नट सुटेना. पाय देऊन सोडवला. टायरच्या आत बोट फिरवून बाभळीचा काटा काढला, तो न काढता नवी ट्यूब घातली असती तर तीही गेली असती. एकदा ट्यूब टायरखाली चिमटली, पुन्हा उघडली. दोघे-तिघे येणारे-जाणारे थांबले, “ताई, करू का?” म्हणाले. ती प्रत्येकाला नको म्हणाली. त्यातला एक जण भला होता, जाताना पाण्याची बाटली ठेवून गेला. तिच्या हाताला काळे ग्रीस लागले होते आणि तिला, ती म्हणते, त्या वेळी कुणाचीही आठवण येत नव्हती, अगदी त्यांचीसुद्धा. नंतर याचे तिला वाईट वाटले. मग तेही वाटेनासे झाले.

धाकटीला एकूण दोन तास बेचाळीस मिनिटे लागली, थोरलीला तीन तास चौदा. पाणंदीच्या टोकाला अम्मी, आक्का आणि मुलगी उभ्या होत्या. शेवटचे सहा-सात खांब थोरली चालत आली, पळाली नाही. पळायचे त्राण उरले नव्हते. अम्मींनी तिच्या काळ्या हातांकडे बघून आधी साबण मागवला.

चार-पाच दिवस अंग दुखत होते. त्याच आठवड्यात थोरलीने कपाटावरची पिशवी काढली, कागद लावले, बुरखा घातला आणि एसटीने एकटी गेली. धाकटी निघाली होती बरोबर, तिला शेगडीवरचे दूध बघायला सांगितले. काम झाले नाही. साहेब बैठकीला होते, एक दाखला कमी होता. पुढच्या गुरुवारी परत गेली, तेव्हाही अर्धेच झाले. रमजान तोंडावर आला होता, तेवढ्यात उरलेले आटपायचे म्हणून ती तिसऱ्यांदा गेली.